म्हशीची लाथ आणि थ्री-फिफ्टीन

परवा सकाळी साडेदहाच्या सुमारास, भर कातळावर, नऊ माणसं आणि एक बकरी यांच्या साक्षीने मी ‘आई गं’ म्हणून ओरडलो. बंदूक वाजलीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वाडीतलं कुणीतरी तुम्हाला सांगेलच आणि त्यात मी रडलो असंही घालील. रडलो नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण ते नाकामुळे. नाकाचं पुढे येतं.

काका गेले. त्यांच्या मागे माडाची बाग, सुरणाचे चार वाफे आणि ते खाणाऱ्या रानडुकरांसाठी एक थ्री-फिफ्टीन रायफल राहिली. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून मी. मुंबईत ३३ वर्षं बँकेत काढून गावी आलेला चाकरमानी. आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे लेजर. परवाना माझ्या नावावर व्हायचा तर बंदूक हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा, असं २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. तो कुठे घेतला ते सांगत नाही. त्या लोकांकडे अजून एकदा सही आणायला जायचंय.

प्रशिक्षक घाटावरचा, पंचविशीचा. मानेला रुमाल, कानांवर ते मोठे गोल झाकण. झाकण एकच होतं आणि ते त्याच्या कानांवर होतं. आम्हाला कापूस. ‘काही होत नाही काका, रिलॅक्स,’ हे तो ज्या आवाजात म्हणाला त्यावरून कळत होतं की त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाहीये.

मला पालथं झोपवलं. जांभ्या दगडावर, खाली एक गोणपाट. उभ्याने बार काढला की माणूस कमरेपासून मागे झुलतो आणि धक्का अंगभर वाटला जातो. पालथं पडलेल्याला मागे जायला जागा नसते, सगळा हिशेब खांद्यावरच चुकता होतो. हे मला संध्याकाळी कळलं. सकाळी एवढंच सांगितलं की झोपून नेम चांगला बसतो.

पहिल्या बाराला मी दोन चुका केल्या. एक म्हणजे मला त्या रायफलीची भीती वाटत होती, म्हणून दस्ता, म्हणजे तिचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग, खांद्यापासून बोटभर लांब धरला. ओळख नसलेल्या पाहुण्याला ओटीवरच बसवावं तसा. दुसरं, उजव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून पलीकडे टाकून मूठ आवळली होती आणि नाक त्याच अंगठ्याला टेकलेलं. चाप ओढला. पुढे काय झालं ते दिसलं नाही, कारण डोळे मिटलेले होते. पण माझ्याच अंगठ्याने माझ्याच नाकावर असा ठोसा मारला की कोल्हापूरच्या मैदानावर टाळ्या पडल्या असत्या. रक्त आलं. थोडंच, पण सदरा पांढरा होता.

आणि तेव्हाच मागून आवाज आला, ‘काय रे, नाकाक काय झाला?’

मागे काजूच्या झाडाखाली एक म्हातारी उभी होती. काष्टी पातळ, कमरेला कोयती, बगलेत काजूबियांची पिशवी आणि दोरीला एक बकरी. लाल निशाण लावलेलं असूनही ती बकरी मघाशी लक्ष्यासमोरच्या गवतात शिरली होती, म्हणून पंधरा मिनिटं सगळं थांबवावं लागलं होतं. बकरी मिळाली, म्हातारी गेली, असं सगळ्यांना वाटलं. म्हातारी गेली नव्हती. तिला पुढचं बघायचं होतं. प्रशिक्षकाने ‘आजी, लांब व्हा’ म्हणून सांगितलं. तिने जागा न बदलता बसून घेतलं.

‘अंगठो लागलो,’ मी म्हणालो.

‘कोणाचो?’

‘माझोच.’

यावर ती काही बोलली नाही. तिने बकरीकडे पाहिलं. बकरीने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या बाराला अंगठा नीट ठेवला आणि दस्ता खांद्याच्या टोकावर, दंडाच्या हाडावर टेकवला. टेकवायचा असतो गळ्याच्या हाडाखाली, खांद्याच्या आतल्या बाजूला मांसाचा खळगा असतो तिथे. काकांच्या रायफलीला मागे रबराची गादी नाही, लोखंडी पट्टी आहे. त्या पट्टीची खूण आज माझ्या दंडावर आहे. पहिल्या दिवशी जांभळी होती, काल कोकमासारखी, आज कडेने हळदीसारखी व्हायला लागली आहे.

इथे थोडं काकांच्या रायफलीविषयी बोलायला हवं, कारण सगळ्यांना वाटतंय की मी हत्तीची बंदूक चालवली. थ्री-फिफ्टीन म्हणजे आठ मिलिमीटर तोंडाची नळी. इंग्रजांना भीती होती की त्यांच्या फौजेची थ्री-नॉट-थ्री काडतुसं इथल्या लोकांच्या हाती लागतील, म्हणून इथल्या लोकांसाठी वेगळ्या मापाची ही सोय. थोडक्यात, सरकारने आपल्यावर अविश्वास दाखवला आणि त्याचं लायसन घेऊन आपण ते भिंतीवर टांगलं. गोळी साधारण १६ ग्रॅमची, ती सेकंदाला ६०० मीटरच्या घरात पुढे जाते आणि त्याचा मोबदला म्हणून साडेतीन किलोची रायफल मागे येते. मी बँकेतल्या सवयीने हिशेब केला: साडेतीन किलोचं ओझं दीड हात उंचीवरून खांद्यावर सोडावं, साधारण तेवढा मार. बंदूक जितकी हलकी तितकी मागे जोरात येते, जड असली तर सावकाश. म्हणून हलकी बंदूक ही दुकानात उचलून बघायलाच चांगली.

आणि ही तर बाळलाथ. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूकवाल्यांची १९१२ सालची थ्री-सेव्हंटी-फाइव्ह मॅग्नम हिच्या दुपटीहून जास्त मारते. १९५६ साली आलेली विंचेस्टरची फोर-फिफ्टी-एट हत्ती-गव्यांसाठीच काढलेली, ती त्याच्याही वर. तसल्या बंदुका मुद्दाम जड ठेवतात, मागे जाड रबर बसवतात, नळीच्या तोंडाला भोकं पाडलेली टोपी लावतात. त्या टोपीने वायू बाजूला फेकला जातो आणि लाथ कमी होते, फक्त आवाज इतका वाढतो की शेजारचा माणूस तुमच्याशी बोलणं सोडतो. दुर्बीण लावलेली असली आणि डोळा फार जवळ नेला, तर भुवईवर अर्धचंद्र कोरला जातो. एवढं सगळं वाचल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाईट वाटलं. हत्तीच्या बंदुकीने आडवा केला असता तर सांगायला तरी काही होतं.

हे सगळं मी रात्री उजवा हात उशीवर ठेवून वाचलं. परवा सकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हातारी सोडून मार्गदर्शन नव्हतं.

तिसऱ्या बाराच्या आधी प्रशिक्षकाने रायफल स्वतःकडे घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि हातात दिली. मी श्वास घेतला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी लक्ष्यावर आणली. चाप ओढला.

टिक.

एवढंच. खोटं काडतूस भरलं होतं. पण तोपर्यंत मी डोळे मिटून, खांदा पुढे ढकलून, नळी वीतभर खाली दाबून ‘आई गं’ म्हटलेलं होतं. म्हटलेलं कसलं, समोरच्या डोंगरावरून परत आलं.

हा त्या प्रशिक्षकाचा सापळा. काडतूस खरं असतं तेव्हा धडाक्यात माणसाचं आधीच दचकणं झाकलं जातं, नेम का चुकतो ते कुणालाच कळत नाही. खोटं असलं की माणूस उघडा पडतो. उपाय म्हणून उत्तम आहे, हे मी आज मान्य करतो. पण आठ जणांसमोर? आमच्या रांगेत पोल्ट्रीवाला होता, एक आंबा बागायतदार होता, एक निवृत्त तलाठी होता ज्याच्याकडे माझी वारसनोंद बरेच महिने पडून होती. तो तलाठी पोट धरून हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं.

सगळे हसून थांबल्यावर म्हातारी शांतपणे म्हणाली, ‘वाजलाच नाय, तर बोंबाललंस कित्याक?’

काय उत्तर देणार? मी म्हणालो, ‘माका वाटला वाजतला.’

‘वाटला म्हणान बोंबाललंस?’

‘व्हय.’

‘उद्या वाटला मेलंस, तर मरतलंस?’

प्रशिक्षक म्हणाला, ‘आजी, त्यांना डिस्टर्ब करू नका.’ म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, ‘म्हशीची लात खाल्लंस कधी?’

‘नाय.’

‘मगे तुका काय कळतला! गोठ्यात म्हशीच्या मागसून जाताना लांब रवलंस तर लात बसता. खूर लांबसून येता मा, जोर धरून येता. चिकटान रवलंस, पाठीर हात ठेवलंस, तर ती नुसती ढकलता. तू बंदुकेपासून लांब रवतंस आणि मगे म्हणतंस मारता. तुझो काको तिका कुशीत घेय. पानाचो इडो चघळत बार काढी आणि इडो थुकाक पण इसरत नसे.’

मग तिने कोयती जमिनीवर ठेवून, दोन्ही हातांनी हवेत मुसळ धरून दाखवलं. ‘कांडताना मुसळ आवळून धरलंस तर हाताक फोड येतत, सोडलंस तर पायार पडता. मधला धर.’ बकरीने मान हलवली. मी शपथेवर सांगतो.

माझा राग समजून घ्या. मी पाचशे रुपये भरले होते. त्या पाचशे रुपयांत मला ‘रिलॅक्स’ हा एक शब्द आणि गोणपाट मिळालं होतं. आणि फुकट्या म्हातारीने सगळं सांगून टाकलं. अंतर सोडलं की दस्ता वेग घेऊन आदळतो, घट्ट चिकटवला की तुमचं सगळं अंग रायफलीच्या वजनात मिसळतं आणि आदळण्याऐवजी रेटा बसतो. आवळायचं नाही, सोडायचं नाही. कानांत कापसावर आणखी काही घालायचं, कारण निम्मी भीती आवाजाची असते. एवढं शेवटचं तिने सांगितलं नाही, ते मी वाचलं. ती स्वतः ठार बहिरी आहे की काय अशी शंका मला आहे. प्रत्येक बाराला पोल्ट्रीवाला दचकत होता, ती बिया निवडत होती.

चौथा बार मी दस्ता कुशीत घेऊन काढला. दुखलं, पण ठोसा नव्हता, धक्का होता. नाक जागेवर राहिलं. लक्ष्याला गोळी लागली नाही, खालच्या मातीत गेली. ‘मातयेक लागली,’ म्हातारीने जाहीर केलं. दाखला मिळाला. दाखल्यावर नेम कसा आहे याचा रकाना नव्हता.

परतीच्या एसटीत उभं राहायला लागलं. वरची दांडी डाव्या हाताने धरली, उजवा हात जानव्यासारखा छातीशी. घरी बायकोने आंबेहळदीचा लेप लावला आणि विचारलं, ‘एवढं करून डुक्कर मारणार का तुम्ही?’

तिला खरं सांगितलं नाही. रानडुकराला हात लावायचा तर वन खात्याची परवानगी लागते, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. परवानगीचा कागद येईपर्यंत डुक्कर सुरण खाऊन, पचवून, पिल्लं घेऊन परत येतं. निवडणूक लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची. काका होते तेव्हा २०२४ मध्ये लोकसभेला जमा केली, आणली, तेल घातलं, विधानसभेला पुन्हा जमा केली. त्या वर्षी रायफलीने काकांपेक्षा जास्त प्रवास केला. डुकरांना आचारसंहिता नाही. नुकसानभरपाईचा अर्ज केला तर पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा खड्ड्यांत गवत उगवलेलं असतं आणि तो विचारतो, इथे काय होतं? काय होतं! चार वाफे सुरण होता. काकांनी तीस वर्षं जपलेलं बियाणं होतं.

काल रात्री डुकरं आली. सात-आठ तरी असावीत. रायफल कपाटात, कारण परवाना अजून नावावर नाही, नुसता दाखला आहे. मी पडवीत उभा राहून डाव्या हाताने पत्र्याचा डबा बडवला. एका डुकराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आज सकाळी म्हातारीचा नातू आला. दहा-बारा वर्षांचा, सायकलवरून. आजीचा निरोप होता: तिची कोंबडी खुडूक बसली आहे, खाली अकरा अंडी. गडगडाटाने अंडी फुकट जातात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि परवाचा गडगडाट मी केला. तेव्हा अकरा अंड्यांचे, गावठी म्हणून पंधरा रुपयांप्रमाणे, १६५ रुपये आगाऊ द्यावेत. पिल्लं निघाली तर त्या हिशेबाने परत.

मी म्हणालो, ‘बार आठ जणांनी काढले. माझ्या एकट्याकडून का?’

पोरगा म्हणाला, ‘आजी म्हणाली, बोंबललो तो एकटोच.’

पावती मागितली. पावती पिल्लं निघाल्यावर, असंही तिने सांगून ठेवलं होतं. पैसे उजव्या खिशात होते. डावा हात पोटावरून फिरवून तिथपर्यंत नेताना मला बराच वेळ लागला, आणि पोरगा तेवढा वेळ माझ्या नाकाकडे बघत उभा होता.