सुरकुतलेलं जेड आणि माझं चुकलेलं वाक्य

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जेड या जाड, रसाळ पानांच्या कुंडीतल्या झाडावरच्या माझ्या लेखात ‘पान सुरकुतलं की झाड तहानलंय असं समजा’ असं वाक्य होतं. त्यावर विसंबून तुम्ही ऐन जुलैत पाणी वाढवलंत, दहा दिवसांत झाड बुंध्याशी मऊ पडून आडवं झालं, आणि ‘अर्धवट माहितीवर लोकांना डॉक्टरकी शिकवू नका’ असं तुम्ही सुनावलंत. रास्त आहे. ते वाक्य मी पुण्यात, एप्रिलच्या उन्हाळ्यात लिहिलं होतं. डोंबिवलीच्या पावसाळ्यात ते चालणार नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं. आता लेखात दुरुस्ती केली आहे.

पण पुढे तुम्ही लिहिता, ‘सुरकुत्या आल्या की पाणी तोडा, एवढंच सांगायचं होतंत.’ हे मात्र मला मान्य नाही. तेही तितकंच अर्धवट झालं असतं.

सुरकुतलेल्या पानावरून एवढंच कळतं, की पानापर्यंत पाणी पोचत नाहीये. माती कोरडी असली तर ते पोचत नाहीच. पण माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही, मुळं मरतात, आणि मग भरल्या कुंडीतही झाड उपाशी राहतं. दोन्हीकडे पान सुरुवातीला सारखंच दिसतं. पुढे फरक पडतो: तहानलेलं पान चामड्यासारखं वाकतं, पण फांदीला घट्ट धरून असतं, कुजीचं पान पिवळट, पाणी भरल्यासारखं होतं आणि बोट लागताच गळतं. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गेल्या वर्षी माझ्याच घरी याच्या नेमकं उलट घडलं. नर्सरीतून आणलेलं जेड, वरची माती ओली, पानं मात्र मनुक्यासारखी. मी कुज धरून चाललो आणि पाणी बंद केलं. आठवड्याने झाड आणखी सुकलं, तेव्हा वर्तमानपत्रावर कुंडी उपडी केली. बाहेरची माती दमट, आणि मधोमध लिंबाएवढा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा, ठणठणीत कोरडा. सगळी मुळं त्या गोळ्यातच. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की सहजी पाणी धरत नाही; मी घातलेलं पाणी कडेकडेने निघून जात होतं. गोळा अर्धा तास बादलीत बुडवला, बोटांनी मोकळा केला, आणि तीन-चार दिवसांत पानं भरली. पाणी तोडण्याच्या नियमाने ते झाड मी मारलंच असतं.

म्हणून आता पान बघून निदान करत नाही. बांबूची कबाबची काडी बुंध्याजवळून तळापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी काढून ओली आहे का ते बघायचं. तरीही शंका राहिली तर झाड सरळ बाहेर काढायचं. जेड त्याने रुसत नाही. मुळं पांढरट आणि टणक असली तर ठीक. तपकिरी, ओढल्यावर साल हातात येणारी असली तर कुज. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके असले तर पिठ्या ढेकूण ही कीड. त्यानेही पान सुरकुततं, आणि पाणी कमी-जास्त करून काही होत नाही.

पावसाळ्यात पाणी कमी का लागतं, हेही तुम्ही विचारलंत. जेड पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून त्याचं पाणी एरवीही कमीच उडतं. त्यात हवाच दमट असली की पानातून आणखी कमी पाणी उडतं, आणि ऊनही नाही. मे महिन्यात चार दिवसांत वाळणारी माझी कुंडी जुलैत पंधरा दिवस ओली राहते.

तुम्हाला नर्सरीवाल्यांनी ‘फंगस’ म्हणून दिलेल्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाने फरक पडला नाही, यात नवल नाही. ओल्या मातीत मुळं कुजवणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसारखे जीव या औषधाला दाद देत नाहीत. आणि माती ओलीच राहणार असेल तर कुठलंही औषध काय करणार?

शेंड्याच्या दोन फांद्या अजून टणक आहेत म्हणता, त्या वाचतील. धारदार सुरी स्पिरिटने पुसून काप घ्या. कापाच्या मध्यावर तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर सुरी पुन्हा पुसून आणखी वर कापा, काप स्वच्छ हिरवट-पांढरा येईपर्यंत. मग आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर नुसत्या पडू द्या. काप सुकून कडक झाला की भरड वाळू आणि विटांचा चुरा भरपूर असलेल्या कोरड्या मातीत खोचा. पहिला आठवडा पाणी नको. कुंडी मातीची, खाली भोक असलेली घ्या.

तुमचं जेड होतं ती भोक नसलेली चिनीमातीची सुंदर कुंडी टेबलावर पेनं ठेवायला छान दिसेल.