सोया चंक्स म्हणे प्लास्टिकचे! मग जरा हिशेब होऊनच जाऊ दे

'सावधान! मटणाऐवजी सोया चंक्स खाताय?' या मथळ्याचा मजकूर पुन्हा ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातले आरोप असे: ही तेल काढून उरलेली गुरांची पेंड आहे, पाण्यात विरघळत नाही, रबरासारखी लागते, वास मारते, म्हणजे प्लास्टिकच, पुरुषांचे हार्मोन बिघडतात, एका माणसाचे तर म्हणे स्तन वाढले, मुलग्यांना तर देऊच नका, थायरॉइड होतो, त्यापेक्षा कच्चा फणस खा, तेच खरं शाकाहारी मटण. हे वाचून आमच्या ताईने मुलांच्या डब्यातला सोया खिमा बंद केला, म्हणून हा खटाटोप. एरवी असल्या मजकुराला उत्तर देत बसण्याइतका वेळ कुणाला आहे?

पेंडीचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य. सोयाबीनचं तेल काढल्यावर जे उरतं त्याचंच पीठ करून वड्या बनवतात आणि सोयापेंड कोंबड्यांनाही घालतात. पण ताकसुद्धा लोणी काढून उरलेलंच असतं. तेल काढायला हेक्झेन नावाचं द्रावक वापरतात हेही खरं. ते साधारण 69 अंशांना उकळतं आणि पुढे वाफेच्या उष्णतेने काढून टाकलं जातं. ज्याला याचीच भीती वाटते त्याने आधी घरातला रिफाइंड तेलाचा डबा तपासावा. त्यातलं बरंचसं तेल याच पद्धतीने काढलेलं असतं.

आता प्लास्टिक. सोयापिठात पाणी मिसळून ते एक्सट्रूडर नावाच्या यंत्रातून प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली ढकलतात. तोंडाशी दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगून जाळीदार होतं. प्रथिनांचे धागे एका दिशेने ताणले जाऊन पक्के बसतात. म्हणून वडी विरघळत नाही आणि म्हणूनच दाताखाली मांसासारखी लागते. खात्री करायची तर कोरडी वडी चिमट्यात धरून जाळा. प्लास्टिकची पिशवी वितळून ठिबकते. वडी ठिबकत नाही, तिचा कोळसा होतो आणि केस जळाल्यासारखा वास सुटतो. तो वास प्रथिनांचा.

रबरासारखी लागते आणि वास मारते, ही तक्रार मात्र खरी आहे. फक्त दोष स्वयंपाकाचा आहे. बहुतेक घरांत वड्या कोमट पाण्यात टाकतात, फुगल्या की तशाच रश्शात सोडतात. मग आतलं वासाचं पाणी आतच राहतं आणि मसाला शिरायला जागाच उरत नाही. चौघांसाठी 100 ग्रॅम वड्या घ्या. भरपूर पाणी उकळून त्यात चमचाभर मीठ घाला, वड्या टाकून पाच मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका. ते फेसाळ पिवळट पाणी ओतून द्या. गार पाणी घालून वड्या तळहातांत दाबून पिळा, आणि निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करा. पिळताना हात आखडता घेऊ नका, वडी फाटत नाही. मोठ्या वडीचे दोन तुकडे करून दोन चमचे दही, आलं-लसूण, हळद, तिखट आणि मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा.

पुढची चूक तेलाची. मटण शिजताना स्वतःची चरबी सोडतं. वडीत चरबी जवळजवळ नसतेच. त्यामुळे चमचाभर तेलात केलेली भाजी चोथ्यासारखी लागणारच. 100 ग्रॅम वड्यांना तीन मोठे चमचे तेल लागतं: एका चमच्यात वड्या कडा तांबूस होईपर्यंत परतून बाजूला काढा, उरलेल्यात कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणि कांदा-लसूण मसाला तेल सुटेपर्यंत परता. रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा, कारण वड्या गॅस बंद केल्यावरही तो पीत राहतात. कुकरच्या शिट्ट्या नकोत, लगदा होतो. खिम्याचा बारीक दाणा असेल तर उकळायची गरज नाही. गरम पाण्यात सात-आठ मिनिटं ठेवून पंच्यात घालून घट्ट पिळायचा.

सगळ्यात वाईट मुद्दा हार्मोनचा. मुलांच्या ताटातली प्रथिनं यामुळेच जातात. सोयात आयसोफ्लेव्होन नावाची वनस्पतींतली संयुगं असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी थोडी मिळतीजुळती असते. एवढ्या धाग्यावरून स्वर्ग गाठलाय. 2021 मध्ये 'रिप्रॉडक्टिव्ह टॉक्सिकॉलॉजी' या नियतकालिकात पुरुषांवर झालेल्या 41 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि इस्ट्रोजेन, दोन्ही मोजले होते. फरक नाही. जास्त मात्रा घेतली तरी नाही, जास्त दिवस घेतलं तरी नाही. फॉरवर्डमधला 'स्तन वाढलेला माणूस' कुठून आला? 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका 60 वर्षांच्या गृहस्थाची नोंद प्रसिद्ध झाली होती. तो रोज तीन लिटरच्या आसपास सोया दूध पीत होता, आणि ते सोडल्यावर त्याचा त्रास गेला. आठवड्यातून दोनदा चार घास खिमा खाणाऱ्या पोराचा याच्याशी काय संबंध?

पलीकडच्या बाजूचे बढाईखोरही कमी नाहीत. 'चिकनच्या दुप्पट प्रथिनं' म्हणतात ते कोरड्या वडीचं वजन धरून. कोरड्या 100 ग्रॅममध्ये साधारण 52 ग्रॅम प्रथिनं, पण भिजल्यावर वजन अडीच-तीन पट होतं. चौघांत वाटलं की माणशी 13 ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांएवढी. रोजच्या जेवणाला एवढी चांगलीच आहेत, चमत्कार नाही. शिवाय वडीत बी-12 जीवनसत्त्व नसतं. मटण पूर्ण सोडलेल्यांनी त्याची सोय वेगळी करावी.

थायरॉइड सोयाने 'होतो' हे खोटं. पण ज्यांना थायरॉक्सिनची गोळी चालू आहे, त्यांच्या शरीरात सोयामुळे ती कमी शोषली जाऊ शकते. गोळी सकाळी उपाशीपोटी आणि सोया रात्रीच्या जेवणात, असं अंतर ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. गोळी बंद करायची नाही.

गोठवलेले तयार कबाब आणि नगेट्स यांची गोष्ट निराळी. त्यांतलं मीठ, तेल आणि किंमत पाहता रोज परवडणारे नाहीत. पाकिटामागचं सोडियम आधी वाचा.

राहिला फणस. कुयरीची, म्हणजे कोवळ्या कच्च्या फणसाची, भाजी झकास होते, रेषाही मांसासारख्या सुटतात. पण 100 ग्रॅम कच्च्या फणसात प्रथिनं तीन ग्रॅमच्याही आतच. मटणाऐवजी म्हणून करणार असाल तर कोकणात घालतात तसे भिजवलेले काळे वाटाणे घाला, तेही चिमूटभर नको, चौघांना निदान वाटीभर.