त्या सात मुलींचं खरं काय झालं

रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फॉरवर्ड आला. खाली एवढंच लिहिलेलं, "हे खरं आहे का गं?" तिची मुलगी अकरा वर्षांची. मजकुरात म्हटलंय की एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) लस म्हणजे गरीब देशांतल्या मुलींवरचा प्रयोग, श्रीमंत देश स्वतःच्या मुलींना ती देत नाहीत, तिने मूल होत नाही, गरीब देशांत तिचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही, आणि २०१० मध्ये भारतात तिने सात मुली मेल्या.

सात मुलींपासूनच सुरू करते, कारण सगळी भीती तिथेच भरलीय. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या लस-प्रकल्पात सात मुली दगावल्या, हे खरं. कशाने? एक पाण्यात बुडाली. एकीला साप चावला. कुणी कीटकनाशक प्यायलं होतं, कुणाला मलेरिया झाला होता. सर्पदंशाचं खापर लसीवर फोडायला जिगर लागते! चौकशीत लसीशी संबंध सापडला नाही. मात्र वसतिगृहातल्या मुलींची संमतीपत्रं आईबापांऐवजी तिथल्या अधीक्षकांनी भरली होती. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावरून झोडपलं, ते योग्यच होतं. एवढं मान्य.

पण गंमत पुढे आहे. त्याच गदारोळात भारतातला आणखी एक अभ्यास थांबला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा. त्यातल्या जवळपास ५,००० मुली एकाच डोसवर अडकल्या. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून तीन डोसवाल्यांना संरक्षण मिळालं सुमारे ९३ टक्के, आणि एका डोसवाल्यांना ९५. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. अशा पुराव्यांवरूनच २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. गरीब देशाला याचा अर्थ बरोबर कळतो: दोन डोसच्या तुलनेत तेवढ्याच लसीत दुप्पट मुली, आणि शाळेत एकच फेरी.

मूल होत नाही म्हणे. लसीत विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन असतं, आत काही नाही, पोकळ टरफल. आई होणं हिरावतो तो कॅन्सर. ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी जाते, रेडिएशनने अंडाशय निकामी होतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते सोयीस्कर गाळलंय.

श्रीमंत देश देत नाहीत? ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये सुरू केली, ब्रिटनने २००८ मध्ये. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरची एकही केस सापडली नाही, हे २०२४ मध्ये छापून आलंय. पुढे.

पुरावा नाही, यात अर्धं तथ्य आहे. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातात. रवांडाने २०११ मध्ये सुरुवात केली, पहिल्याच वर्षी लक्ष्यगटातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोचले. त्या मुली आत्ता कुठे पंचविशी ओलांडतायत. कॅन्सरचे आकडे यायला वेळ आहे. पण रवांडा आणि भूतान, दोन्हीकडे तरुण मुलींमध्ये लसीतल्या प्रकारांचा संसर्ग उतरलाय. संसर्गच नाही तर त्याच्यापासून होणारा कॅन्सर येणार कुठून? आणि २०२२ मध्ये या कॅन्सरने गेलेल्या साडेतीन लाख बायकांपैकी ९४ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. प्रयोग कसला, या देशांत लस पोचलीच सगळ्यांच्या मागून.

हे सगळं लिहून पाठवल्यावर बहिणीचा प्रश्न, "मग मीपण घेऊ का?" ती चाळिशीची. आधीच झालेला संसर्ग लस बरा करत नाही. तिला म्हटलं, तू तपासणी करून घे.