चिलखत, चिखल आणि क्रेन : एका लोकप्रिय समजुतीचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा सारांश असा : मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातले नाइट, म्हणजे घोडेस्वार सरदार-योद्धे, इतके जड चिलखत घालत की त्यांना घोड्यावर चढवायला क्रेन लागे, खाली पडले की ते उलट्या कासवासारखे पडून राहत, म्हणूनच १४१५ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्रज शेतकऱ्यांनी साध्या धनुष्यांनी त्यांचा फडशा पाडला, पुढे तोफा आल्या आणि चिलखत एका फटक्यात दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होऊन बसले. पुरावा म्हणून खाली पाओलो उच्चेल्लो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचे एक युद्धचित्र जोडलेले असते. यातले क्रेनचे विधान निखालस खोटे आहे. बाकीची अर्धवट खरी आहेत, आणि खोडायला तीच अधिक अवघड.

प्रथम वजन. लढाईसाठी घडवलेले पंधराव्या शतकातले डोक्यापासून पायापर्यंतचे पोलादी चिलखत साधारणपणे वीस ते पंचवीस किलोंचे असे. आजचा पायदळाचा सैनिक मोहिमेवर पाठीवर आणि अंगावर मिळून याहून जास्त ओझे वाहतो. चिलखत म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कड्यांचे, जाळीदार चिलखत येते. प्रतापगडाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली घातल्याचे बखरी सांगतात, तसे. त्या प्रकारात बराचसा भार खांद्यांवर लोंबतो. युरोपीय पत्र्याच्या चिलखतात तो अंगभर वाटला जाई. हातांचे भाग आतल्या जाड, अस्तर लावलेल्या अंगरख्याला नाड्यांनी बांधलेले, पायांचे भाग कमरेपासून टांगलेले, कोपर आणि गुडघ्यांशी एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्या, त्यांत सैल बसवलेले रिव्हेट आणि आतून चामड्याचे पट्टे. मिलानमधल्या मिसाल्या घराण्यासारखे नामांकित कारागीर आपला शिक्का पत्र्यावर उमटवत, आणि पैसेवाल्या गिऱ्हाइकाचे चिलखत त्याच्या मापाने बेतले जाई. हे काम लोहाराचे खरे, पण त्यात शिंप्याची नजर लागे.

मग चाळीस किलोंचे चिलखत संग्रहालयात दिसते ते कुठले? ते बहुधा भाल्यांच्या झुंजीचे, म्हणजे खेळाचे. दोन स्वार समोरासमोर घोडे फेकून एकमेकांना भाल्याने पाडत. त्यासाठी पत्रा जाड ठेवत आणि शिरस्त्राण छातीच्या पत्र्याला स्क्रूने जखडून टाकत. अशा पोशाखात मान वळत नाही आणि वळायची गरजही नसते, कारण खेळ काही क्षणांचा आणि दिशा एकच. क्रिकेटच्या फलंदाजाचे पॅड पाहून तो रोज तसाच चालत असेल असे म्हणण्यासारखाच हा प्रकार झाला.

क्रेनची कथा तर बरीच अलीकडची आहे. मध्ययुगातल्या कोणत्याही हिशेबवहीत, चित्रात किंवा वृत्तांतात असे यंत्र सापडत नाही. १९४४ च्या एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटात कप्पीने उचलून घोड्यावर बसवलेला फ्रेंच सरदार लोकांनी पाहिला आणि तो इतिहास म्हणून डोक्यात बसला. उलट बाजूचा पुरावा मात्र समकालीन आहे. फ्रान्सचा मार्शल बुसिको याचे चरित्र त्याच्या हयातीतच लिहिले गेले. त्यात त्याच्या व्यायामाचे वर्णन आहे : शिरस्त्राण सोडून बाकी पूर्ण चिलखतात कोलांटी मारणे, रिकिबीत पाय न ठेवता घोड्यावर उडी घेणे, भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या मागच्या बाजूने नुसत्या हातांवर लोंबत वर चढणे. चरित्र स्तुतिपर आहे, म्हणून त्यातून थोडे वजा करावे. पण सरदारांना खरोखरच क्रेनने उचलावे लागत असते, तर असे लिहिणारा लेखक हास्यास्पद ठरला असता. आजही अस्सल नमुन्यांवरून घडवलेली चिलखते घालून लोक आडवे होतात, उठतात, घोड्यावर चढतात.

आता खऱ्या भागाकडे. चिलखत दमवत असे, आणि ते चांगलेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या श्वासाचे मापन केले, तेव्हा चालण्याला दुपटीहून किंचित जास्त ऊर्जा लागते असे दिसले. एक कारण पायांचे : प्रत्येक पावलाला पायावरचे काही किलो पोलाद पुढे फेकावे लागते, आणि तेच वजन पाठीवर असते तर इतके जाचले नसते. दुसरे श्वासाचे : छातीभोवती कडक कवच असल्यामुळे खोल श्वास घेता येत नाही आणि माणूस उथळ, भराभर श्वास घेऊ लागतो. थोडक्यात, कोलांटी मारता येई, पण चिखलातून शे-दोनशे पावले चालून गेल्यावर दम लागे.

आणि अ‍ॅजिनकोर्टला नेमका चिखलच होता. २५ ऑक्टोबर १४१५, आदल्या रात्रीचा पाऊस, नुकतेच नांगरलेले शेत, दोन्ही बाजूंना झाडी. फ्रेंचांच्या घोडदळाने बगलांवर केलेला हल्ला फसला. बाण लागून बिथरलेली घोडी उलटून आपल्याच पायदळात घुसली. हो, पायदळात, कारण फ्रेंच नाइटांची मुख्य फळी त्या दिवशी घोड्यावरून उतरून पायीच चालली होती. क्रेनच्या कथेत हे कुठे बसवायचे? बाणांच्या माऱ्यात माना खाली घालून ते इंग्रज रांगेपर्यंत पोहोचले खरे, पण दाटी इतकी की पुढच्यांना हत्यार उगारायला जागा नव्हती आणि मागच्यांचा रेटा थांबत नव्हता. पडलेला उठू शकला नाही तो अंगावर दुसरा आणि तिसरा पडला म्हणून. आषाढातल्या गर्दीत चेंगराचेंगरी होते तेव्हा वारकऱ्याच्या अंगावर पोलाद नसते.

मजकूर रचणाऱ्याच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की समोरचे इंग्रज सरदारही त्याच धाटणीच्या चिलखतात, त्याच चिखलात उभे होते आणि जिंकले. फरक इतकाच की ते जागेवर थांबले होते आणि समोरचे चालत आले.

‘शेतकरी’ हा शब्दही सांभाळून वापरायला हवा. इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीच्या सैन्यातला तिरंदाज लेखी करारावर आलेला पगारी शिपाई होता. त्याचा रोज सहा पेन्स, चिलखतधारी शिपायाचा बारा. सहा पेन्स म्हणजे कुशल कारागिराच्या मजुरीपेक्षा कमी नव्हते. ही विद्या रात्रीत येणारीही नव्हती. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्येच सणासुदीला धनुष्याचा सराव करण्याचे फर्मान काढले होते. खरोखरचे शेतकरी लढले तेव्हा काय झाले ते पाहायचे असेल तर बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावरच्या विस्बीला जावे. १३६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सैन्यापुढे तिथले गावकरी उभे राहिले. वेशीबाहेरच्या सामूहिक कबरींतून हजाराहून अधिक सांगाडे निघाले. अनेकांच्या नडग्यांवर घाव, कारण पाय उघडे होते. काही मृतांबरोबर चिलखतेही पुरली गेली होती, पण ती जुन्या पद्धतीची होती. चांगले चिलखत नसण्याची किंमत त्या हाडांवर कोरलेली आहे.

धनुष्याने नाइट संपवला म्हणावे तर पुढची वर्षे आड येतात. १४२४ मध्ये व्हर्नेई येथे लोंबार्डीच्या भाडोत्री स्वारांनी, घोड्यांनाही कवच घालून, इंग्रज तिरंदाजांची फळी फोडली (लढाई अखेर इंग्रजांनीच जिंकली, हे सांगायला हवे). १४२९ मध्ये पाते येथे फ्रेंच घोडदळाने तिरंदाजांना घोडी अडवायच्या टोकदार मेखा ठोकायलाही उसंत दिली नाही. आणि १४४५ मध्ये फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने खडे सैन्य उभारले, तेव्हा त्याचा कणा चिलखतधारी स्वारच ठेवला : शंभर ‘भाल्यांची’ एक, अशा पंधरा तुकड्या, आणि ‘भाला’ म्हणजे एक चिलखतधारी स्वार व त्याचे साथीदार मिळून सहा माणसे. बदलले ते पगाराचे मूळ. हा स्वार आता आपल्या जहागिरीच्या जोरावर मर्जीने येणारा सरदार राहिला नाही; राजाने वसूल केलेल्या करातून त्याला महिना मिळू लागला. माझ्या मते नाइटाच्या दिमाखाला खरा धक्का बसला तो या वहीखात्यातून.

तोफेबद्दल थोडक्यात. तोफेचे युरोपातले सर्वांत जुने चित्र १३२६ च्या एका इंग्लिश हस्तलिखितात आहे. फुलदाणीसारख्या नळीतून बाण सुटताना दिसतो. पत्र्याच्या चिलखताची कला शिगेला पोहोचली ती त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी, म्हणजे दोघांनी दोन शतके शेजारी काढली. पुढे बंदुकीच्या गोळीसाठी छातीचा पत्रा जाड झाला, आणि ते वजन भरून काढायला पायांचे कवच हळूहळू गळाले.

राहिले चित्र. सान रोमानोची १४३२ ची लढाई उच्चेल्लोने तीन फलकांवर रंगवली. ते आज लंडन, पॅरिस आणि फ्लॉरेन्स अशा तीन शहरांत विखुरले आहेत. मजकुरासोबत असतो तो लंडनचा. त्यात जमिनीवर एक चिलखतधारी पडलेला दिसतो, आणि तोच ‘उठू न शकणारा’ म्हणून दाखवला जातो. मात्र त्याच्या आसपास मोडलेले भाले कसे पडले आहेत ते पाहावे : सगळे एका बिंदूकडे रोखलेले, जणू फरशीच्या रेघा. उच्चेल्लोला यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या पद्धतीचे, वेड होते आणि तो मृत सैनिक त्या भूमितीतला एक सराव आहे. फ्लॉरेन्सचा सेनापती निकोलो दा तोलेंतीनो तर भर लढाईत शिरस्त्राणाऐवजी भरजरी, फुगीर टोपी घालून घोडा नाचवतो आहे. याला युद्धाचा पंचनामा कोण म्हणेल?

याच चित्रातली चिलखते आज काळपट, ओतीव लोखंडासारखी जड भासतात, आणि मजकुराचा निम्मा परिणाम त्या रंगावर अवलंबून असतो. उच्चेल्लोने तिथे चांदीचा वर्ख लावला होता. लगामांवरचा सोन्याचा वर्ख अजून लखलखतो. चांदी हवेने काळवंडली.