हवाई पाहणी कुणाची?

डेट्रॉईटला लागून असलेल्या डिअरबर्नमध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयात एक जुनं यंत्र ठेवलंय. मी त्याच्यापुढे दर वेळी रेंगाळतो. नाकावर विमानासारखा पंखा, दोन्ही बाजूंना आखूड पंख आणि डोक्यावर चार लांबलचक पाती. हे पिटकेर्न कंपनीचं ऑटोजायरो. 'डेट्रॉईट न्यूज' या वर्तमानपत्राने १९३१ साली ते बातमीदारीसाठी विकत घेतलं. वरची पाती उडताना इंजिनावर नाही, वाऱ्यावर फिरतात. त्यामुळे ते अगदी सावकाश उडतं आणि जरा मोकळी जागा मिळाली की उतरतं. फोटोग्राफरला आणखी काय हवं?

मला त्यातली मालकी महत्त्वाची वाटते. विमान पेपरचं होतं. कुठे जायचं, किती वेळ घिरट्या घालायच्या, हे संपादक ठरवणार.

आपल्याकडे पूर आला की एकच वाद पेटतो: मंत्री हेलिकॉप्टरमधून पाहणी करून गेले, खाली उतरलेच नाहीत. राग रास्त आहे. पण त्या हेलिकॉप्टरच्या खिडकीतून काढलेली दृश्यंच आपण दिवसभर टीव्हीवर बघतो, त्याचं काय? मंत्र्यांना जे दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं. हा प्रश्न मला उतरण्या-न उतरण्यापेक्षा मोठा वाटतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आई-बाबा गावभागात, फोन बंद. रात्री दोन वाजता कुणीतरी ड्रोनने काढलेला एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला. मी तो थांबवून थांबवून पाहत होतो. सगळी घरं सारखीच, तांबूस पाण्यात बुडालेली. मग एका गच्चीवर वाकडी टाकी दिसली, वीट लावून टेकवलेली. ती वीट मीच लावली होती. गच्ची कोरडी होती.

ड्रोन नियम २०२१ मध्ये आले आणि परवानग्या बऱ्याच सुटसुटीत झाल्या. मात्र राज्य सरकारला किंवा पोलिसांना एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत 'रेड झोन' करता येतो, म्हणजे तिथे खास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. बचावाची हेलिकॉप्टरं फिरत असताना आकाश मोकळं हवं, हे मलाही पटतं. पण पुराचे खरे दिवस तेवढेच असतात!

मी राहतो त्या अमेरिकेत, इथल्या नियमांत यावर एक तोड आहे. मदतकार्यासाठी आकाश बंद केलं, तरी मान्यताप्राप्त बातमीदारांना नेणारं विमान आधी उड्डाणाची माहिती देऊन, मदतीच्या विमानांपेक्षा उंचावरून आत जाऊ शकतं. इथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. २०१४ मध्ये मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात पोलिसांविरुद्धचं आंदोलन चिघळलं तेव्हा सुरक्षेचं कारण देऊन आकाश बंद केलं गेलं. माध्यमांची हेलिकॉप्टरं दूर ठेवणं हाच हेतू होता, हे पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मिळवलेल्या ध्वनिफितींतून उघड झालं. तरी इथे निदान कायद्यात बोट ठेवायला एक ओळ आहे. ती आपल्या नियमांतही यावी, आणि एकेका पेपरला परवडत नसेल तर जिल्ह्यातल्या पेपरांनी मिळून ड्रोन आणि प्रशिक्षित माणूस ठेवावा.

तो व्हिडिओ नंतर मी आईला दाखवला. तिने आधी शेजारच्या काकूंची गच्ची शोधली.