सर्दी असेल तर आधी सांगा, एवढंच मागणं आहे

जानेवारीत लेकीचं बोरन्हाण केलं. काळं परकर-पोलकं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. सोसायटीतली आणि नात्यातली मिळून बारा-तेरा मुलं होती. खाली सांडलेलं वेचायला सगळी एकमेकांच्या अंगावर. त्यातल्या एकाला सर्दी होती आणि कार्यक्रमात नाक गळू नये म्हणून त्याला औषध पाजून आणलं होतं. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं. तेव्हा माझी लेक ऑक्सिजन लावून हॉस्पिटलच्या पलंगावर होती.

त्या आईवर माझा राग नाही. होता, पण उरला नाही. का, ते पुढे लिहिते.

लेक दोन वर्षं सात महिन्यांची आहे. अकराव्या महिन्यात आरएसव्ही नावाच्या व्हायरसने तिला पहिल्यांदा झोपवलं, तेव्हा निदान ब्राँकिओलायटिस होतं, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज. त्यानंतर प्रत्येक मोठ्या सर्दीला छाती वाजते. मधल्या काळात मात्र ती ठणठणीत असते. जिने चढते, इथे ठाण्यात तलावपाळीला कबुतरांमागे धावते, एकदाही धाप लागत नाही. त्यामुळेच लोकांना पटत नाही. धूळ नाही, मांजर नाही, आइस्क्रीम नाही, हिला फक्त सर्दीचा व्हायरस लागतो, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मीच उगाच पोरीला काचेत ठेवतेय. "अगं, साधी सर्दी तर आहे. मुलं अशीच काटक होतात."

साधी सर्दी म्हणजे हिच्या बाबतीत काय, ते एकदा सविस्तर सांगते.

बोरन्हाण रविवारी झालं. मंगळवारी सकाळी शिंका, संध्याकाळी खोकला. रात्री दोनला मी तिचा फ्रॉक वर करून मोबाईलच्या उजेडात पोट बघत बसले होते. खोकल्याच्या आवाजाने घाबरायचं नाही, पोट आणि बरगड्या बघायच्या, हे मला डॉक्टरांनी शिकवलंय. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती, गळ्याखाली खड्डा पडत होता. पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजले, ५८ भरले. एक ते पाच वर्षांच्या शांत झोपलेल्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले तर ते जलद धरतात. फ्रिजवर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद चिकटवलेला आहे, त्याप्रमाणे मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप दिला. एका वेळी एकच पफ, प्रत्येक पफनंतर तिचे पाच-सहा श्वास होऊ द्यायचे, मग पंप हलवून पुढचा. वीस मिनिटं थांबलो. फरक पडला नाही. पाणी पाजायला गेले तर तिला घोट घेता येईना, कारण गिळायला श्वास थांबवावा लागतो आणि तेवढी सवड तिच्याकडे नव्हती.

मग कासारवडवलीहून निघालो. रात्री घोडबंदर रोडवर ट्रेलरची रांग असते, हे इथल्या कोणाला सांगायला नको. नवरा गाडी चालवत होता, मी मागे तिला मांडीवर उभी धरून बसले होते, कारण आडवी केली की तिला आणखी त्रास व्हायचा. मानपाड्याच्या अलीकडे आमची गाडी दोन ट्रेलरच्या मध्ये अडकली. त्या दहा मिनिटांत ती रडायचीही थांबली. रडणारं मूल बरं, गप्प झालेलं नाही, हेही मला आता कळतं. हॉस्पिटलमध्ये बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के दाखवला. तिथे दोन रात्री काढल्या.

एवढ्याशा मुलांच्या श्वासनलिकाच मुळात बारीक. व्हायरसने आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ भरतो, भोवतीचे स्नायू आवळतात. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाला त्याच व्हायरसने दोन रुमाल भिजतात, इथे श्वास अडतो. आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. पंप, लागलाच तर स्टिरॉइड, ऑक्सिजन, आणि वाट बघणं.

हा दमा आहे का? आमचे डॉक्टर या वयात लगेच शिक्का मारत नाहीत. सासूबाईंना वाटतं पंपाची सवय लागेल, माझ्या आईला वाटतं छातीला ओव्याची पुरचुंडी शेकली की पुरे. दोघींचा जीव तिच्यावर आहे, म्हणून मी वाद घालत नाही, पंप मात्र माझ्या हातातून सोडत नाही. मला धीर देणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात १९८० पासून हजाराहून जास्त बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं. तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली होती, त्यांतल्या जवळपास ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षी वाजत नव्हती. मी त्या सहाव्या वर्षाची वाट बघतेय. तोवरचे हिवाळे आणि पावसाळे पार करायचे आहेत.

आता राग का उरला नाही ते. सप्टेंबरच्या तिमाही क्लोजिंगला लेकीचं नाक गळत असताना मी स्वतः तिला पाळणाघरात सोडून ऑफिसला गेले होते. ताप नव्हता, छाती वाजत नव्हती, आणि माझ्या सगळ्या रजा तिच्याच आजारपणात संपल्या होत्या. ताईंना म्हटलं, "अ‍ॅलर्जीचं आहे." खोटं बोलले. तिथे सात महिन्यांचं एक बाळ होतं. ते आजारी पडलं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून नुसतं "आजारी मुलांना घरी ठेवा" असं मला म्हणवत नाही. ठेवणार कोण? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, राज्य सरकारच्या १८० दिवस. चांगली गोष्ट आहे. ठाण्यातून रोज ऐरोलीला, पवईला जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या खासगी नोकरीत तशी रजा नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा कायद्याने मिळाली, पण मूल खरं आजारी पडायला लागतं ते त्यानंतर, पाळणाघरात गेल्यावर. वर्षाला सहा-आठ सर्द्या हे या वयात अगदी नेहमीचं. तेवढे दिवस आई किंवा बापाला मिळायला हवेत, आणि बापाने मागितले तर साहेबाने भुवई उंचावू नये. हे मला कळकळीने वाटतं.

पण समारंभाला रजा लागत नाही. तिथे लपवायचं काहीच कारण नाही. बारसं, वाढदिवस, हळदीकुंकू, कुठेही येताना एक मेसेज करा, "पोराला सर्दी आहे, येऊ का?" आम्ही नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. सर्दीचं औषध पाजल्याने नाक थांबतं, व्हायरस थांबत नाही. आल्या आल्या साबणाने हात धुवा. लेक गोड दिसते, मान्य, पण तिचे पापे घेऊ नका. आणि आमच्यासारखं मूल तुमच्याही घरात असेल तर दरवर्षीच्या फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, ती सहा महिन्यांपासून देता येते. सर्दीच्या सगळ्या व्हायरसवर ती चालत नाही, पण एक दार तरी बंद होतं. आम्ही ती घेतो.

गेल्या रविवारी जाऊबाई येणार होत्या. सकाळी त्यांचा फोन आला, "आमच्याकडे दोघांचीही नाकं वाहतायत गं, काय करू?" मी क्षणभर गप्प झाले, मग म्हटलं, नका येऊ. दुपारी वॉचमनचा फोन आला. त्या खाली गेटवर पुरणपोळ्यांचा डबा ठेवून गेल्या होत्या. मी खिडकीत आले तेव्हा त्या रिक्षात बसत होत्या. लेकीला उचलून धरलं, तिने हात हलवला आणि त्यांनी खालून.