मुलाखत गुरुवारी, निकाल सोमवारी

वादाला तोंड फुटलं ते एका जुन्या मेसेजवरून. २४ जानेवारी २०२२, सोमवार. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचे तेव्हाचे हेड कोच बिल बेलिचिक यांनी त्यांच्या जुन्या सहायकाला, ब्रायन फ्लोरेसला, अभिनंदनाचा मेसेज टाकला. न्यू यॉर्क जायंट्सची हेड कोचची जागा तुलाच मिळतेय असं कानावर आलंय, असा मेसेजचा सूर. फ्लोरेस चक्रावला, कारण त्याची जायंट्सकडची मुलाखत गुरुवारी, २७ तारखेला होती. त्यानं उलट विचारलं, तुम्ही कुठल्या ब्रायनशी बोलताय, माझ्याशी की दुसऱ्या उमेदवाराशी, ब्रायन डेबलशी? बेलिचिकनी पुन्हा वाचून पाहिलं आणि माफी मागितली. चुकलं, ते डेबलला घेतायत वाटतं. फ्लोरेस तरी गुरुवारी मुलाखतीला गेला. शुक्रवारी ब्रायन डेबलचं नाव जाहीर झालं. १ फेब्रुवारीला कृष्णवर्णीय फ्लोरेसनं मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात एनएफएल या लीगवर आणि तिच्या तीन संघांवर वर्णभेदाचा दावा ठोकला.

आता कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पेठांची ईर्षा. हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूमागे धावणाऱ्यांचं आमच्या कट्ट्यावर काय काम? पण मन्या दरवर्षी सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, बघतो. दिग्या फौंड्रीत एचआर बघतो, म्हणजे नेमणूक हा त्याचा धंदाच. वकील कामगार न्यायालयातले. आणि आबांनी पेठेच्या संघांचं राजकारण कोळून प्यायलंय.

आबांनी सुरुवातीलाच निकाल देऊन टाकला. "यात नवीन काय? आपला माणूस घेतला. जगात सगळीकडं असंच चालतंय. उगाच कोर्टात कशाला जायचं?"

"आबा, तसं न्हाई ते," मन्या म्हणाला. "घेणाऱ्याला मुलाखत घ्यावीच लागते, असा तिथं नियम आहे. म्हणून तर खोटी मुलाखत घ्यायची वेळ येते."

नियमाचं नाव रूनी रूल. पिट्सबर्ग स्टीलर्सचे डॅन रूनी लीगच्या समितीचे प्रमुख होते, त्यांच्या नावावरून. त्यामागचं कारण असं, की २००२ च्या जानेवारीत दोन कृष्णवर्णीय हेड कोच घरी गेले. टँपा बेचे टोनी डंजी सहा हंगामांत चार वेळा संघाला प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, घेऊन गेले होते. मिनेसोटाचे डेनिस ग्रीन दहा हंगामांत आठ वेळा, आणि त्यांचा हरण्याचा असा तो पहिलाच हंगाम. त्याच वर्षी जॉनी कॉकरन आणि सायरस मेहरी या वकिलांनी अहवाल काढला. त्यात आकडेवारी मांडली होती, की कृष्णवर्णीय कोचनी हंगामाला सरासरी १.१ सामने जास्त जिंकले. म्हणजे काम चांगलं असूनही जागा लवकर जाते आणि मुळात मिळते उशिरा. खटल्याची टांगती तलवार दिसल्यावर लीगनं २००२ संपता संपता नियम केला. हेड कोचच्या प्रत्येक रिकाम्या जागेसाठी निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत. घ्यायलाच पाहिजे असं नाही, फक्त बोलवायचं.

"आणि नाही बोलावलं तर?" दिग्यानं विचारलं.

"२००३ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा कारभार बघणाऱ्या मॅट मिलननं स्टीव्ह मॅरिउचीला हेड कोच म्हणून थेट घेतलं," मन्या म्हणाला. " त्याला दोन लाख डॉलर दंड झाला. पण गंमत ऐक. त्यानं बोलवायचा प्रयत्न केला होता. बोलावलेलेच येईनात. मॅरिउचीलाच घेणार हे सगळ्यांना माहीत होतं, मग कशाला जाऊन शोभेचं झाड व्हायचं?"

दिग्या हसला. त्याच्या धंद्यात हे रोजचं. जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे आणि ऑर्डर आधीच टाइप झालेली. पण एनएफएलमध्ये जाहिरात आणि अर्ज ही भानगडच नाही, हे ऐकून त्याला नवल वाटलं. आपल्या भारतीय फुटबॉल महासंघानं २०२५ मध्ये पुरुष संघाच्या कोचसाठी अर्ज मागवले तेव्हा १७० आले. त्यात स्पेनच्या झावीच्या नावाचा एक बनावट ईमेलही होता. शेवटी तीन नावं उरली आणि खालिद जमील निवडले गेले. निवडीवर काय बोलायचं ते बोला, पण कुणीही दार ठोठावू शकत होतं. तिकडं दार आतून उघडतं. नियमित हंगामातला शेवटचा सामना जानेवारीच्या सुरुवातीला संपला की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हकालपट्ट्या सुरू होतात. संघ ३२, त्यातल्या पाच-सात किंवा जास्त जागा दरवर्षी रिकाम्या होतात. मग मालक आणि जनरल मॅनेजर मनातली यादी काढतात, ज्याच्याकडं तो सहायक नोकरीला आहे त्या संघाकडं रीतसर परवानगी मागतात, आणि पहिली फेरी व्हिडिओवर होते. उमेदवारानं येताना फक्त खेळाची योजना आणून भागत नाही. ऑफेन्सचा, म्हणजे चढाईचा, कोऑर्डिनेटर (त्या विभागाचा मुख्य सहायक) कोण, डिफेन्सचा, म्हणजे बचावाचा, कोण, ही नावंसुद्धा खिशात लागतात.

"इथंच तुमचं गाडं अडतंय," आबा म्हणाले. "वीस-पंचवीस सहायक पंधरा दिवसांत जमवायचे. अनोळखी माणसं घेऊन कसं जमणार? ज्याच्याबरोबर राबलाय त्यालाच माणूस बोलावणार की!"

आबांचा मुद्दा हलका नव्हता, आणि मन्यानंच तो आणखी जड करून दिला. २०१३ चा वॉशिंग्टन संघ घ्या. हेड कोच माइक शॅनहन. ऑफेन्स बघणारा त्याचा मुलगा काइल. टाइट एंड या जागेवरच्या खेळाडूंना शिकवणारा शॉन मॅकव्हे, ज्याचे आजोबा जॉन मॅकव्हे सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यवस्थापनात होते. चेंडू फेकून चढाई चालवणारे क्वार्टरबॅक बघणारा मॅट लाफ्लोर, तो चेंडू झेलणारे रिसीव्हर बघणारा माइक मॅकडॅनियल. त्या वर्षी संघ १६ पैकी फक्त तीन सामने जिंकला आणि बाप-लेकासकट बरेच जण बाहेर पडले. पण पुढं हे चौघेही तरुण हेड कोच झाले. मॅकव्हे तर २०१७ मध्ये तिसाव्या वर्षी. लाफ्लोरनं ग्रीन बेमध्ये पहिल्या तीन हंगामांत दर वर्षी तेरा-तेरा सामने काढले.

"म्हणजे वशिला फळाला आला," आबा खूश.

"फळाला आला, पण मोजमाप चुकतंय आबा," वकील पहिल्यांदा बोलले. "तीन सामने जिंकलेल्या संघातल्या सहायकाला पुन्हा नोकरी मिळते, पुन्हा संधी मिळते. शेवटी एकदा जमतंच. प्रश्न असा आहे की आठ-आठ प्लेऑफ करून हरलेल्याला तेवढ्या संध्या मिळतात का. यशस्वी झालेले आपल्याला दिसतात. ज्यांना उभंच केलं नाही, त्यांचा स्कोअर कुठून आणणार?"

यावर आबांनी तंबाखू मळायला घेतली, म्हणजे मुद्दा लागला होता.

मग मन्यानं शिडी समजावून सांगितली, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला गाभा तिथं आहे. सगळ्यात खालची पायरी क्वालिटी कंट्रोल कोच. नाव भारदस्त, काम हमालीचं. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचं चित्रण बघायचं, प्रत्येक खेळीचं वर्गीकरण करायचं, सरावासाठी त्यांच्या खेळींची कार्डं काढायची, पहाटेपासून रात्रीपर्यंत. त्यावर एकेका जागेचे कोच, मग कोऑर्डिनेटर, मग हेड कोच. कागदावर शिडी एकच, पण पायऱ्या सारख्या नाहीत. मालकांना गेली काही वर्षं हेड कोच म्हणून ऑफेन्सची खेळी मैदानाकडेनं पुकारणारा माणूस हवा असतो. तो येतो क्वार्टरबॅकच्या खोलीतून. कृष्णवर्णीय कोच जास्त करून सापडतात ते रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), रिसीव्हर आणि डिफेन्सच्या मागच्या फळीकडं. रनिंग बॅकच्या कोचला कोऑर्डिनेटर करणारे थोडे. मग जानेवारीत यादी काढली की 'या पात्रतेचे मिळतच नाहीत' म्हणायला मोकळे. गाळणी दहा वर्षांपूर्वीच लागलेली असते, आणि त्या पहिल्या हमालीच्या नोकरीत कोण शिरतं? कोचचा मुलगा, कोचचा जावई, कोचच्या कॉलेजातला पोरगा. पगार तुटपुंजा, त्यामुळं घरचं पाठबळ असलेलाच टिकतो, ही आणखी एक गाळणी.

"आणि ती चुकवून वर आला तरी?" मन्याला चेव चढला. "एरिक बिएनेमी घ्या. आधी रनिंग बॅकचा कोच, मग २०१८ पासून कॅन्सस सिटीचा ऑफेन्स कोऑर्डिनेटर. सुपर बोल जिंकले. मुलाखतींवर मुलाखती दिल्या, जागा एक नाही. कारण काय सांगितलं जायचं? खेळी तर हेड कोच अँडी रीड पुकारतात, याचं त्यात काय! बरं. त्याच खुर्चीत त्याच्या आधी डग पीडरसन आणि मॅट नॅगी होते. रीडच्या हाताखालीच. पीडरसन २०१६ मध्ये फिलाडेल्फियाचा हेड कोच झाला, नॅगी २०१८ मध्ये शिकागोचा. तेव्हा कुणी विचारलं नाही."

आबांना मात्र वेगळी शंका. बिएनेमी मुलाखतीत कमी पडत असेल तर? वकिलांनी मान डोलावली. असू शकतं. नेमकं म्हणूनच हे सिद्ध करणं अवघड. एका माणसाला एका जागी नाकारण्याची दहा कारणं निघतात आणि दहाही खरी वाटतात. फ्लोरेसच्या हातात तारीख-वेळ असलेला मेसेज पडला, हा योगायोग. तरी जायंट्सनी आरोप फेटाळला. शेवटपर्यंत फ्लोरेसचा विचार चालू होता असं त्यांचं म्हणणं. पण ओळखीची साखळी बघा. जायंट्सचा नवा जनरल मॅनेजर जो शोन जेमतेम आठवडाभर आधी बफेलोहून आलेला, आणि डेबल बफेलोचाच ऑफेन्स कोऑर्डिनेटर. शोननं आपल्या ओळखीतला माणूस घेतला यात गैर काय, असं म्हणता येतं. मग गुरुवारी फ्लोरेसला कशासाठी बोलावलं, एवढाच प्रश्न राहतो.

"खटल्याचं काय झालं?" दिग्या.

"अजून भिजत घोंगडं," वकील म्हणाले. "कोचच्या करारात कलम आहे की वाद लवादाकडं न्यायचे. लवाद कोण? लीगचे कमिशनर रॉजर गुडेल. त्यांना नेमणारे आणि पगार देणारे कोण? संघांचे मालक. म्हणजे ज्याच्यावर आरोप त्याच्याच पगारावरचा पंच. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी काही दावे लवादाकडं पाठवले, जायंट्ससह काही संघांवरचे कोर्टात ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या कोर्टानंही ते कोर्टातच राहू दिले."

दावा दाखल झाला तेव्हा ३२ संघांत कृष्णवर्णीय हेड कोच एकच उरला होता, पिट्सबर्गचा माइक टॉमलिन. आणि त्याच महिन्यातल्या सुपर बोलमध्ये एका बाजूला मॅकव्हे, दुसऱ्या बाजूला त्याच्याच हाताखालून गेलेला झॅक टेलर. हा टेलर माजी हेड कोच माइक शर्मनचा जावई. पहिल्या वर्षी त्यानं १६ पैकी दोनच सामने जिंकले होते, पण मालकानं त्याला ठेवलं. फ्लोरेसनं मायामीचा हेड कोच म्हणून लागोपाठ दोन हंगाम जिंकण्याच्या बाजूनं संपवले, तरी नारळ मिळाला.

नियम तोवर ढिम्म बसला नव्हता. आता बाहेरच्या दोन अल्पसंख्याक उमेदवारांना समोरासमोर भेटावं लागतं. कोऑर्डिनेटर आणि क्वार्टरबॅक कोचच्या जागाही नियमात आल्या. २०२२ मध्ये प्रत्येक संघाला ऑफेन्सकडं एक अल्पसंख्याक किंवा महिला सहायक ठेवणं बंधनकारक झालं, पगाराला लीगचा हातभार. मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची हीच तरतूद, कारण ती शिडीच्या खालच्या पायरीला हात घालते. शिवाय ज्या संघाचा अल्पसंख्याक कोच दुसरीकडं हेड कोच होतो, त्या संघाला दोन वर्षं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीअखेर एकेक जादा खेळाडू निवडायला मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोनं यात हात धुवून घेतले. बक्षीस गमावणाऱ्याला, घेणाऱ्याला नाही. घेणाऱ्यालाही बक्षीस द्यावं असा प्रस्ताव २०२० मध्ये आला होता, पण तो बारगळला आणि बरं झालं. अशा नेमणुकीवर पहिल्या दिवसापासून संशयाचा शिक्का बसला असता.

"पळवाटा सांग की," दिग्याला खरा रस त्यात. एचआरवाला शेवटी.

मन्यानं पटापट सांगितल्या. हंगामाच्या मध्ये हंगामी कोच नेमला तर नियम लागू नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडियानापोलिसनं जेफ सॅटरडेला थेट टीव्हीच्या स्टुडिओतून आणून हेड कोच केलं. त्याचा कोचिंगचा अनुभव एका शाळेच्या संघापुरता. पहिला सामना जिंकला, पुढचे सात हरला. त्यातल्या एकात ३३–० ची आघाडी घालवली, लीगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. दुसरी पळवाट म्हणजे वारस आधीच करारात लिहून ठेवायचा. जानेवारी २०२४ मध्ये पेट्रियट्सनी जेरॉड मेयोला तसंच बसवलं, शोध न घेता, लीगच्या परवानगीनं. मेयो स्वतः कृष्णवर्णीय, त्यामुळं फारशी ओरड झाली नाही. वर्षभरात चार विजय आणि तेरा पराभव झाल्यावर त्याला काढलं, आणि मग माइक व्ह्रेबलसाठी वाट मोकळी करताना बायरन लेफ्टविच आणि पेप हॅमिल्टन यांच्या मुलाखती उरकल्या. त्या हंगामात दोघेही लीगमध्ये कुठल्याच संघाकडं नव्हते.

"म्हणजे तुमचा मेयोसुद्धा ओळखीवरच," आबांनी पकडलं. "आणि तो फ्लोरेस?"

मन्यानं कबूल केलं. फ्लोरेस २००४ पासून बेलिचिकच्या संघात वाढला. मायामीतून काढल्यावर, दावा लावल्यावर, दोन-तीन आठवड्यांत त्याला काम दिलं ते टॉमलिननं.

"मग ओळख वाईट म्हणू नका," आबा म्हणाले. "ओळखीची माणसं कुणाकडं किती, एवढंच बघा."

वकिलांना हे पटलं. दिग्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं, ओळख तुम्ही थांबवू शकत नाही, पण क्रम लावून देऊ शकता. शोध सुरू व्हायच्या आधी काय हवंय ते लिहून लीगकडं द्या. प्रत्येक मुलाखतीला तेच प्रश्न, प्रत्येकाच्या नोंदी त्याच दिवशी. शेवटची मुलाखत होईपर्यंत कुणाच्या एजंटशी पैशाचं बोलायचं नाही, बोललात तर दंड डॉलरमध्ये नको, ड्राफ्टमधली निवड काढून घ्या. मालक अब्जाधीश असतात, दोन लाखांनी त्यांचं काही बिघडत नाही. लीगला हे करता येतं हे तिनं दाखवलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये मायामीची पहिल्या फेरीची निवड गेली, पण ती दुसऱ्या संघातल्या माणसांशी चोरून बोलणी केल्याबद्दल.

"आणि टॉमलिनची नेमणूक कशी झाली ते बघ," दिग्या पुढं म्हणाला. आता त्यालाही माहिती चढली होती. "२००७. स्टीलर्सच्याच स्टाफमधले केन व्हिझनहंट आणि रस ग्रिम, दोघं घरचे, दोघं दावेदार. टॉमलिन ३४ वर्षांचा, मिनेसोटात एकच वर्ष डिफेन्स कोऑर्डिनेटर, पिट्सबर्गशी काही संबंध नाही. नियमापुरती रॉन रिव्हेराची मुलाखत आधीच झाली होती. तरी बोलावला, ऐकला, पुन्हा बोलावला आणि घेतला. दोन वर्षांत सुपर बोल."

"मालक कोण होता तिथं?" आबा.

"रूनीच."

"मग झालं की! ज्यानं नियम केला त्याला नियमाची गरज नव्हती. बाकीच्या एकतीस जणांचं बोल."

मन्या म्हणाला, बाकीच्यांचं जानेवारीत हेड कोचच्या यादीवरून कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्वार्टरबॅक कोच आणि क्वालिटी कंट्रोलच्या जागा भरतात, त्या बातम्या कुणी वाचत नाही. त्या वाचायच्या. तिथं आडनावं ओळखीची निघाली की पुढच्या सात-आठ वर्षांच्या मुलाखती कशा होणार हे आत्ताच सांगता येतं. वकिलांनी विचारलं, यादी मिळते का? संघांच्या वेबसाइटवर स्टाफच्या पानावर असते, मन्या म्हणाला, आणि दिग्यानं तिथंच फोन काढून जायंट्सपासून सुरुवात केली.